जिन्नस घडविण्याआधी गिऱ्हाईक ओळखावे

वाशिम जिल्ह्यात खरीप हंगामाचे मुख्य पीक सोयाबीन आणि त्याच्या जोडीला तूर. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत, म्हणजे वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा येथे, शेतमालाचा बराचसा भाग कच्च्या स्वरूपातच बाजार समितीच्या आवारात जातो. या मालावर गावातच प्रक्रिया करावी, किंवा शेतीस उपयोगी पडेल असे एखादे अवजार येथेच घडवावे, असा विचार सुशिक्षित तरुणांच्या, महिला बचत गटांच्या व शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या मनात येणे साहजिक आहे. शहरांतून ज्यास ‘स्टार्टअप’ म्हणतात तो नवउद्यम यापेक्षा फारसा निराळा नसतो. विचार स्तुत्य आहे. परंतु त्या विचाराचा जिन्नस होणे आणि त्या जिन्नसास गिऱ्हाईक मिळणे या दोन गोष्टी विचाराइतक्या सोप्या नाहीत.

पुष्कळदा घडते ते असे. प्रथम शेड उभी राहते, मग कर्ज काढून यंत्र येते, त्यानंतर पिशव्या व लेबले छापली जातात, आणि सर्वांत शेवटी माल कोणास विकावयाचा याचा शोध सुरू होतो. तोपर्यंत बँकेचा पहिला हप्ता येऊन ठेपलेला असतो. अशा वेळी बुडते ते केवळ भांडवल नव्हे. बचत गटातील भगिनींनी महिन्यामहिन्याने साठविलेला पैसा जातो, घरच्यांचा विश्वास जातो, आणि पुढे दुसऱ्या कोणी चांगली योजना मांडली तरी गाव तिच्याकडे पाठ फिरवितो. म्हणून हा क्रम उलटा करून गिऱ्हाइकापासून आरंभ कसा करावा, याचा विचार करणे अगत्याचे आहे. त्यासाठी शेती अवजारांच्या इतिहासातील दोन उदाहरणे फार बोधप्रद आहेत.

किर्लोस्करांचा नांगर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाचे काम केल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. बेळगावास बंधूंच्या सोबतीने त्यांचे सायकलींचे दुकान होते. पुढे शेतकऱ्यास उपयोगी पडणारी यंत्रे आपल्याच देशात घडवावीत या हेतूने त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर हाती घेतला.

नांगर तयार झाला, पण त्यास गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनते व ती नापीक होते, अशी त्या काळी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. शेतकऱ्यांचे मन वळवून पहिला नांगर विकण्यास लक्ष्मणरावांना सुमारे दोन वर्षे लागली. १९१० साली बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडलजवळची ओसाड जमीन व बिनव्याजी दहा हजार रुपये देऊन त्यांस आश्रय दिला. तेथे उभी राहिलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. नांगरापाठोपाठ उसाचे चरक व भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे तेथे तयार होऊ लागली. १९२० साली शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक काढले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविणे हा त्यामागील आरंभीचा हेतू होता. त्याचेच पुढे मराठीतील नावाजलेले मासिक झाले.

ही कथा पुष्कळांस ठाऊक असते, आणि तिच्यातून ‘चिकाटी धरावी’ एवढाच बोध घेतला जातो. तो बोध खरा असला तरी अपुरा आहे. नांगर नाकारणाऱ्या शेतकऱ्याने तो वापरून पाहिलेला नव्हता. त्याचा नकार भीतीतून आलेला होता, आणि ती भीती शेतात नांगर चालल्यावर नाहीशी होणारी होती. म्हणूनच धीर धरणे सार्थकी लागले. नकार निराळ्या प्रकारचा असता तर दोन काय, दहा वर्षे धीर धरूनही उपयोग झाला नसता. हा निराळा प्रकार पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल.

परिपूर्ण, तरीही नाकारलेले अवजार

हैदराबादनजीक पाटणचेरू येथे १९७२ साली ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, आणि पावसाने ताण दिला की तीच जमीन भेगाळते. यावर उपाय म्हणून तेथील शास्त्रज्ञांनी रुंद वरंबा व सरी पद्धतीचा अभ्यास केला. सुमारे १०० सेंटिमीटर रुंदीचा वरंबा आणि त्यालगत ५० सेंटिमीटरची सरी अशी ती रचना होती. जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते, आणि पाऊस कमी असल्यास सरीत मुरलेला ओलावा पिकाच्या कामी येतो.

ही रचना करण्यासाठी बैलांनी ओढावयाचे चाकांचे एक बहुउद्देशी अवजार पुढे आणले गेले. एकाच सांगाड्यास नांगर, वखर, पेरणी यंत्र किंवा डवरा जोडता येई, आणि वर फळ्या बसविल्या की त्याचीच गाडी होई. कागदावर पाहता यात उणे काढण्यास जागा नव्हती. संशोधन केंद्राच्या सपाट व मोठ्या शेतात, धष्टपुष्ट बैलांकडून आणि शिकविलेल्या माणसांकडून त्याचे कामही उत्तम होत असे.

अशा अवजारांचा जगभरचा इतिहास पॉल स्टार्की या अभ्यासकाने १९८८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ‘परिपूर्ण, तरीही नाकारलेले’ अशा अर्थाचे नाव त्याने त्या ग्रंथास दिले. निरनिराळ्या देशांत मिळून पंचेचाळीसहून अधिक नमुन्यांची सुमारे दहा हजार अवजारे तयार झाली होती. परंतु अनेक वर्षे त्यांचा बहुउद्देशी वापर करणारे शेतकरी अगदीच नगण्य निघाले. बहुतेक अवजारे एकतर टाकून दिली गेली होती, नाही तर केवळ गाडी म्हणून वापरली जात होती.

कारणे साधी होती. अवजार महाग होते व जड होते. लहान वावरात धुऱ्याशी ते वळविणे अवघड जाई. एक जोड काढून दुसरा बसविण्यात वेळ मोडे. सर्वांत मोठी गोष्ट अशी की, सर्व कामे एकाच सांगाड्यावर अवलंबून राहिल्याने शेतकऱ्याची जोखीम वाढली. ज्याच्या घरी वखर, तिफण व डवरा ही अवजारे वेगवेगळी आहेत, त्याचे एक मोडले तरी बाकीची चालतात आणि एखादे शेजाऱ्यास उसनेही देता येते. येथे मात्र एक चाक बिघडले की सगळी शेती अडून बसावयाची. हे सर्व शेतकऱ्याने पहिल्याच हंगामात ओळखले असते. परंतु त्याच्या हाती नमुना देऊन त्याचे म्हणणे आरंभीच ऐकून घेण्याचे काम बहुतेक ठिकाणी झाले नाही.

दोन नकारांतील भेद

या दोन उदाहरणांवरून नकार दोन प्रकारचा असतो हे स्पष्ट होते. पहिला नकार न वापरता दिलेला असतो. तो अनोळखीपणातून येतो, आणि प्रात्यक्षिक, धीर व एखाद्या मान्यवर शेतकऱ्याचा अनुभव यांनी तो दूर होतो. दुसरा नकार वापरून झाल्यावर येतो. तो प्रत्यक्ष अडचणीतून आलेला असल्यामुळे कितीही प्रचार केला तरी टिकून राहतो, आणि वापर वाढेल तसा अधिकच दृढ होतो. पहिल्या नकारापुढे उद्योजकाने आपला जिन्नस सोडू नये. दुसऱ्या नकारापुढे त्याने आपल्या जिन्नसाचा हट्ट सोडावा.

हा भेद घरी बसून कळत नाही. लोकांना विचारूनही तो पूर्णपणे कळत नाही, कारण आपल्याकडे पाहुण्याचे मन दुखवू नये म्हणून माणसे ‘छान आहे’ असेच म्हणतात. तो कळतो वापरावरून. बहुउद्देशी अवजाराची गाडी करणारा शेतकरी तोंडाने काही बोलला नव्हता. परंतु आपल्याला खरी गरज गाडीची आहे, हे त्याने वापरातून सांगितलेच होते.

तीच कल्पना, निराळे रूप

बैलांचे ते अवजार मागे पडले, म्हणून रुंद वरंबा व सरीची कल्पना खोटी ठरली नाही. गावोगाव ट्रॅक्टर आले आणि वरंबा काढून त्याच फेरीत बी व खत पेरणारी यंत्रे निघाली. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने या कामी यंत्र विकसित केले. विदर्भातील सोयाबीन पट्ट्यात ‘बीबीएफ’ या नावाने ही यंत्रे शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली. २०१८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशिम जिल्ह्याचा समावेश झाला, आणि या पद्धतीचा प्रसार त्या प्रकल्पातही करण्यात आला. येथे प्रत्येक शेतकऱ्याने यंत्र विकत घेण्याची आवश्यकता उरली नाही. ट्रॅक्टरवाल्याकडून एकराच्या दराने पेरणी करून घेता येते. म्हणजे विकावयाची वस्तू बदलली. पूर्वी यंत्र विकावयाचे होते, आता पेरणीचे काम विकावयाचे आहे.

ज्यांस वेळेवर यंत्र मिळत नाही, त्यांच्यासाठी त्याहून स्वस्त असा पट्टापेरीचा मार्ग आहे. सात दात्यांच्या ट्रॅक्टर पेरणी यंत्रात कडेच्या एका दात्याचे बी व खत बंद ठेवावयाचे. सहा ओळी पेरल्या जातात आणि सातवी ओळ मोकळी राहते. पुढे डवरणीच्या वेळी डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी किंवा पोते घट्ट गुंडाळून त्या मोकळ्या ओळीत सरी पाडावयाची. नवे अवजार घ्यावे लागत नाही. खर्च म्हणावा तर दोरीच्या तुकड्याचा. यंत्राने काढलेल्या वरंब्याइतकी ही रचना नेटकी नसते, पण जास्तीचे पाणी वाहून जाणे, ओलावा टिकणे आणि फवारणीसाठी पिकात फिरण्यास वाट मिळणे, हे शेतकऱ्यास हवे असलेले तीन लाभ तिच्यात आहेत. शेतकऱ्यास अवजार हवे नसते, त्या अवजाराने होणारे काम हवे असते. नवा उद्योग काढणाऱ्याने हे सूत्र नित्य ध्यानात ठेवावे.

तुरीची डाळ : एक यंत्र, दोन गिऱ्हाइके

हेच सूत्र तुरीच्या डाळीस लावून पाहू. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली लहान डाळ गिरणी विदर्भात ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तिच्यावर ग्रामीण भागात अनेकांनी जोडधंदा उभारला आहे. तुरीची साल दाण्यास डिंकासारख्या द्रव्याने घट्ट चिकटलेली असते. म्हणून तेल व पाण्याची प्रक्रिया करून आणि कडक उन्हात वाळवून मगच डाळ करावी लागते.

अशी गिरणी घेऊ इच्छिणाऱ्यापुढे दोन निराळी गिऱ्हाइके असतात, आणि त्यांच्या अपेक्षा अगदी भिन्न असतात. पहिले गिऱ्हाईक गावचा शेतकरी. त्याच्या घरी खाण्यापुरती तूर असते. त्याला डाळ विकत घ्यावयाची नसते. आपल्याच तुरीची डाळ व्हावी, ती कमी भरू नये, चुनी जनावरांसाठी परत मिळावी आणि ठरल्या दिवशी माल ताब्यात यावा, एवढी त्याची इच्छा असते. त्याला वेष्टनाची व नावाची गरज नाही. त्याच्या दृष्टीने वजनकाटा खरा असणे हीच मोठी जाहिरात होय. दुसरे गिऱ्हाईक वाशिम किंवा अकोला शहरातील कुटुंब. त्याला डाळ स्वच्छ हवी, दाणा एकसारखा हवा, ती लवकर शिजावी, आणि आज घेतली तशीच डाळ सहा महिन्यांनीही मिळावी. त्यासाठी तुरीचा साठा, कीड न लागण्याची व्यवस्था, वेष्टन, अन्न परवाना व दुकानदाराची उधारी हे सर्व सांभाळावे लागते.

पहिल्या गिऱ्हाइकासाठी भांडवल थोडे लागते, पण काम उन्हाळ्याच्या काही महिन्यांपुरतेच असते. दुसऱ्यासाठी काम वर्षभर, पण पैसा मालात अडकून राहतो. दोहोंपैकी कोणता मार्ग धरावा हे यंत्राच्या माहितीपत्रकात छापलेले नसते. गावात किती घरी तूर आहे, ते आज डाळ कोठून करून आणतात, त्यासाठी किती अंतर जातात आणि तेथे त्यांची तक्रार काय असते, हे दारोदार फिरून लिहून काढल्याशिवाय यंत्राची मागणी नोंदवू नये.

सोयाबीनचे पीठ : गुण आणि रुची

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. हे ऐकून अनेक गटांच्या मनात सोयाबीनचे पीठ विकण्याची कल्पना येते. कल्पनेत दोष नाही. परंतु स्वयंपाकघरातील गृहिणी प्रथिनांचा तक्ता पाहून पोळी करीत नाही. घरच्यांनी पोळी आवडीने खाल्ली की नाही, हे ती पाहते. कच्च्या सोयाबीनला उग्र वास असतो आणि प्रथिनांच्या पचनास बाधा आणणारा घटकही त्यात असतो. दाणा उकळत्या पाण्यात घालून, वाळवून मग दळल्यास वास पुष्कळ कमी होतो व तो बाधक घटकही उष्णतेने निष्प्रभ होतो.

समजा, एखाद्या गटाने वीस घरी पिठाची पुडी नमुना म्हणून फुकट दिली. वीसही घरांतून ‘चांगले आहे’ असे उत्तर येईल. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पंधरा दिवसांनी तीच पुडी योग्य किंमत लावून पुन्हा न्यावी. बारा घरांनी घेतली, तर तिसऱ्या वेळी पुन्हा जावे. तिसऱ्या वेळी तीनच घरांनी घेतली, तर उरलेल्या नऊ घरी बसून शांतपणे चौकशी करावी. कोणी म्हणेल वास येतो, कोणी म्हणेल पोळी कडक होते, कोणी म्हणेल गव्हाच्या पिठात किती मिसळावे हे कळत नाही. पहिल्या तक्रारीवर प्रक्रिया बदलावी लागेल, दुसरीवर मिश्रणाचे प्रमाण कमी करावे लागेल, आणि तिसरीवर कदाचित गव्हात मिसळलेले तयार पीठच विकावे लागेल. अशा रीतीने जो जिन्नस शेवटी हाती येईल, तो मूळ कल्पनेपेक्षा निराळा असेल. पण तो खपेल. आणि हे सारे गावच्या पिठाच्या गिरणीवर व घरच्या पातेल्यांत होऊ शकते. त्यासाठी एकही नवे यंत्र घ्यावे लागत नाही.

कामाचा क्रम

नवा उद्योग काढू इच्छिणाऱ्यांनी सामान्यतः पुढील क्रम पाळावा :

१. गिऱ्हाइकाचे वर्णन एका वाक्यात लिहून काढावे. ‘सर्व लोक’ हे कोणत्याही मालाचे गिऱ्हाईक नसते.

२. ती गरज तो माणूस आज कशी भागवितो, त्यास किती खर्च येतो व कोठे त्रास होतो, हे प्रत्यक्ष पाहावे. त्याच्या आजच्या सोयीपेक्षा आपली सोय उघडपणे सरस असली तरच तो बदल करील.

३. भाड्याच्या किंवा उसन्या साधनांवर थोडाच नमुना करावा.

४. नमुना आपल्या हाताने न चालविता गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा, आणि तो कसा वापरतो हे न बोलता पाहावे. अवजार असल्यास त्याच्या वावरात, त्याच्याच बैलांवर वा ट्रॅक्टरवर चालवावे.

५. किंमत घेतल्याशिवाय पसंती मोजू नये. किती जणांनी घेतले यापेक्षा किती जण पुन्हा आले, याची वही ठेवावी.

६. एका वेळी एकच दोष दुरुस्त करावा, म्हणजे कोणत्या बदलाने गुण आला हे समजते. शेतीच्या अवजारास वर्षात एकच हंगाम मिळतो. म्हणून पेरणीपूर्वीच दोनतीन शेतकऱ्यांशी ठरवून ठेवावे.

७. पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकांची संख्या वाढती राहिली, तरच कर्ज काढून यंत्र घ्यावे.

अनुदानाविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशा साहाय्याने यंत्राचा भार हलका होतो. परंतु अनुदान माल विकत घेत नाही. उरलेले पैसे उद्योजकाचे किंवा बँकेचे असतात, आणि ते गिऱ्हाइकाच्या खिशातूनच परत यावे लागतात. केवळ अनुदान आहे म्हणून यंत्र घेणे, हे बाजारात टोपली स्वस्त मिळाली म्हणून भाजीचा धंदा काढण्यासारखे आहे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे यातील स्थान महत्त्वाचे आहे. गटाने प्रकल्प अहवाल आणून दिला म्हणजे त्यावर शिफारस लिहून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. ‘हा माल आतापर्यंत किती जणांनी पैसे देऊन घेतला, आणि त्यांपैकी किती जण पुन्हा आले ?’ हा प्रश्न त्याने प्रथम विचारावा. उत्तर ‘अजून कोणी नाही’ असे आल्यास गटाचा उत्साह मोडू नये. त्यांना अहवालाऐवजी नमुन्याच्या कामास लावावे. दोन महिन्यांचा तो विलंब अनेक वर्षांच्या हप्त्यांपेक्षा फार स्वस्त पडतो. तसेच एखादे यंत्र शेतकऱ्याने घेऊन घरामागे टाकून दिलेले आढळल्यास, त्याच्या अज्ञानास दोष देण्यापूर्वी त्याने ते का टाकले याची नोंद करावी व ती यंत्र बनविणाऱ्यापर्यंत आणि कृषी विज्ञान केंद्रापर्यंत पोहोचवावी. टाकून दिलेल्या यंत्राची अशी एक नोंद पुढच्या कारागिराचे भांडवल वाचविते.

वाशिमच्या काळ्या जमिनीत उत्तम तूर व सोयाबीन पिकते, आणि येथील तरुणांच्या अंगी कल्पकता व मेहनत दोन्ही आहेत. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासावी, हे येथील प्रत्येक शेतकरी जाणतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले हे मोजल्यावरच तो बी जमिनीत टाकतो. उद्योगाची कल्पनाही अशीच थोड्या दाण्यांवर आधी तपासावी, आणि उगवण चांगली दिसली म्हणजे मगच तिची मोठ्या क्षेत्रावर पेरणी करावी.